मदत हवी आहे: जाड लीडरची (गळाआधीच्या दोऱ्याची) गाठ सरकते. कोणती गाठ शिकू, की सरळ क्रिंप करू (धातूची पुंगळी चेपून फास पक्का करू)?

उधाण:
मंडळी, गेल्या खेपेला एकाच सकाळी दोन मोठे कुपे (ट्यूना) घालवले. गळ धारदार होता, रीळ ठणठणीत होतं, गाठ तेवढी कच्ची निघाली.

सामान असं: रिळावर ८० पौंडी ब्रेड (८० पौंड ताण झेलणारा विणलेला दोरा), त्याला डबल युनी गाठीने जोडलेला चार मीटर २०० पौंडी मोनो (एकपदरी नायलॉन) लीडर, टोकाला सर्कल हुक (आत वळलेल्या टोकाचा गळ). हुकाला पाच वेढ्यांची इम्प्रूव्हड क्लिंच गाठ. बारीक तंगुसावर मी ती वर्षानुवर्षं डोळे मिटून बांधत आलोय.

पहिला मासा वीसेक मिनिटांनी सुटला. लीडर वर घेतला तर हुक गायब आणि टोक घड्याळातल्या स्प्रिंगसारखं वळलेलं. दुसऱ्या वेळी जोडगाठ रॉडच्या टोकाच्या गाईडमधून (दोऱ्याच्या कडीतून) आत आली होती. तेवढ्यात माशाने बुडी मारली, बाहेर जाताना गाठ गाईडला खटकन अडकली आणि ब्रेड तुटला.

तर २०० पौंडीला सर्वांत मजबूत गाठ कोणती? कोणी पालोमार म्हणतं, कोणी सॅन डिएगो जॅम, कोणी म्हणतं गाठींच्या फंदातच पडू नकोस. आणि ब्रेडच्या जोडाला एफजी की बिमिनी? (“मासा नशिबात नव्हता” हे घरच्यांनी सांगून झालंय.)

खारावारा:
वळलेलं टोक म्हणजे गाठ तुटलेली नाही, सरकत सरकत सुटलेली आहे.

हिशेब करून बघा. ब्रेड ८० पौंडी. लीडरची गाठ निम्म्या ताकदीची असली तरी १०० पौंड धरेल, म्हणजे आधी ब्रेड जाईल. ड्रॅग (ज्या ताणाला रीळ दोरा सोडतं तो) नेहमीसारखा लाईनच्या एक तृतीयांश ठेवलात तर तो जेमतेम २७ पौंड, म्हणजे बारा किलो. एवढा जाड लीडर आपण ताकदीसाठी लावतच नाही. दात, शेपूट, बोटीचा तळ यांच्या घासण्यापुढे तो टिकावा म्हणून लावतो. त्यामुळे सर्वांत मजबूत गाठ शोधत बसू नका, पूर्ण बसेल अशी गाठ शोधा.

मिलिमीटरहून जाड नायलॉनचे पाच वेढे हाताने आवळलेच जात नाहीत. बाहेरून गाठ घट्ट दिसते, आत पोकळ राहते. वेढे कमी करा. युनी बांधायची तर तीनच. ओली करा, हुक कशात तरी अडकवा, लीडर हातमोज्यावर घ्या, शेपूट (दोऱ्याचं सुटं टोक) पकडीत धरा आणि सावकाश ओढा. कोरडी गाठ झटक्याने ओढलीत तर घर्षणाच्या उष्णतेने नायलॉन तिथेच दुबळं होतं. फ्लुरोकार्बनचा लीडर आणखी ताठ असतो, त्याला तर जास्तच सांभाळावं लागतं. पालोमार एवढ्या जाडीला विसरा. दुहेरी लीडर हुकाच्या डोळ्यातून जाणार कसा?

निरगाठ:
१३०-१५० पौंडांच्या वर मी गाठ बांधणं सोडलंय. क्रिंपच. मात्र क्रिंपही चुकतो, आणि चुकला की गाठीपेक्षा वाईट. स्लीव्ह (चेपायची पुंगळी) लीडरच्या व्यासाचीच घ्या, पौंडांवर जाऊ नका. एकाच पौंडाचे दोन लीडर वेगवेगळ्या जाडीचे असतात. दोन्ही पदर आत घट्ट बसले पाहिजेत, खुळखुळता कामा नये. पकड क्रिंपची हवी आणि तिचा खाचा त्या स्लीव्हच्या मापाचा. साध्या पकडीने स्लीव्ह चेपली तर ती लीडर कापते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: स्लीव्हची दोन्ही तोंडं दाबायची नाहीत. कडेचा थोडा भाग मोकळा राहिला की तोंड कर्ण्यासारखं उघडं राहतं आणि लीडरला धार लागत नाही. शेपटीला लायटर दाखवून छोटा गोळा करा, सरकलीच तर तो स्लीव्हला अडेल. ज्योत मुख्य पदराला लागू देऊ नका.

खारावारा:
जोडाबद्दल राहिलं. २०० पौंडी थेट ब्रेडला बांधूच नका. ८० पौंडी ब्रेडला १०० पौंडी लीडर एफजीने जोडा, त्याच्या टोकाला स्विव्हल (फिरती कडी), पुढे दोन मीटर २०० पौंडी, दोन्हीकडे क्रिंप केलेला. स्विव्हल गाईडमधून जाणार नाही, शेवटचे दोन मीटर हातात घ्यावे लागतील. तेव्हा हातमोजे घाला आणि नवखे असाल तर हाताला वेढा घेऊ नका.

एफजी सडपातळ असते कारण त्यात लीडर दुमडतच नाही, ब्रेड त्याच्याभोवती विणला जातो. ब्रेड ताणून धरा, लीडर एकदा वरून, एकदा खालून घ्या. वीसेक विणी, एकमेकींना चिकटून, चढता एकही पदर नको. दोन-तीन अर्धगाठींनी अडकवा आणि मग जोर लावून ओढा. ब्रेडचा रंग गडद होतो आणि तो लीडरमध्ये रुतलेला दिसतो. रंग बदलला नाही तर कापा, पुन्हा बांधा.

बिमिनी ही जोडगाठ नाही. ती लाईनच्या टोकाला दुहेरी फास करते, ताकद जवळजवळ न गमावता. विक्रम नोंदवायचा असेल तर आयजीएफएचे (मासेमारीचे विक्रम नोंदवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे) समुद्रातले नियम बघा: २० पौंडांवरच्या लाईनला दुहेरी लाईन ३० फूट, लीडर ३० फूट, दोन्ही मिळून ४० फूट, त्यापुढे नाही.

उधाण:
दोघांचेही आभार. काल घरी ताणकाटा लावून बसलो. माझी जुनी क्लिंच पंधरा किलोलाच सरकायला लागली, डोळ्यांदेखत. तीन वेढ्यांची युनी तीस किलोपर्यंत हलली नाही, त्यापुढे ओढायची माझीच हिंमत झाली नाही. पहिला क्रिंप मात्र तोंडापर्यंत दाबला होता. स्लीव्हच्या कडेला लीडरवर नखाएवढी पांढरी रेघ उमटली. फेकला.

एफजीचा रंग चौथ्या खेपेला बदलला. एक शंका राहिली: सर्कल हुकाला क्रिंपचा फास आवळून घ्यायचा की सैल?

निरगाठ:
सैल. हुक फासात मोकळा फिरला पाहिजे, तरच तो जबड्याच्या कोपऱ्यात वळून बसतो. फासात नळीचा तुकडा घाला, घासणार नाही.