मदत हवी आहे: दात येणाऱ्या पिल्लाला चावायला काय द्यावं?

नमस्कार मंडळी. आमची चिंगी, देशी कुत्र्याचं पिल्लू, चार महिन्यांची झाली. दुधाचे 28 दात पडून पक्के 42 येण्याचा हा काळ, त्यामुळे खुर्चीचे पाय, चपला, दाराची कड, काही सोडत नाही. काल दोरीच्या खेळण्याचे धागे तिच्या दाढेत अडकलेले दिसले आणि माझ्या पोटात गोळाच आला. धागा गिळला गेला तर आतडी गोळा होतात, थेट ऑपरेशनची वेळ येते. ते खेळणं लगेच काढून घेतलं.

रॉहाइड (जनावराच्या कातड्याचं चघळायचं खेळणं) नको हे ठरलंय. भिजून लिबलिबीत झालेला तुकडा घशात अडकतो. शिजवलेली हाडंही नाहीत, त्यांच्या टोकदार कपच्या निघतात. (शेजारच्या काकू प्रेमाने मटणाची नळी आणतात, त्यांना नाही म्हणणं जिवावर येतं.)

आता आत खाऊ भरता येईल असं पोकळ रबरी खेळणं घ्यायचंय. चिंगीचं वजन सात किलो, जबडा दणकट. पिल्लांसाठीचं मऊ रबर टिकेल का? मोठ्या कुत्र्यांचं कडक रबर दुधाच्या दातांना झेपेल असं वाटत नाही. आणि छुरपी (हिमालयाकडचं सुकवलेलं कडक चीज) इतक्या लहान वयात कुणी दिली आहे का? माझं नख त्या छुरपीत जराही रुतत नाही, म्हणून दात तुटायची भीती वाटते. अनुभव असेल तर कृपया सविस्तर सांगा.