लॅब उभी राहते हो, पण सांभाळायची कुणी?

खडूफळा:
तीन दिवस झाले, एक पोस्ट आमच्या शिक्षकांच्या सगळ्या गटांत फिरते आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०चा आधार संपला, शाळांतल्या जुन्या मशिनांवर विंडोज ११ चढत नाही, म्हणून ती भंगारात न घालता लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचे थिन क्लायंट, म्हणजे एका सर्व्हरच्या जोरावर चालणारे संगणक करा, असं त्यात म्हटलंय. एक दणकट सर्व्हर, एक स्विच, वीस जुने डबे. हार्डडिस्क नको, अँटिव्हायरस नको, लायसन्स नको. इथवर माझं भांडण नाही. शेवटी मात्र लिहिलंय की शिक्षकांनी मनावर घेतलं तर एका रविवारात लॅब उभी राहते. त्या एका वाक्यासाठी हा धागा काढतोय.

उभी राहते हो. मी उभी राहिलेली पाहिली आहे. २०१६ साली आमच्या जिल्हा परिषद शाळेत पुण्याहून चार तरुण आले, दोन दिवस वर्गातच झोपले आणि बारा मशिनं सुरू करून गेले. टक्सपेंट या चित्रांच्या प्रोग्रामवर पोरांनी बैल काढले, मी फोटो काढले. तिसऱ्या महिन्यात वळवाच्या पावसात वीज चार वेळा गेली-आली आणि सर्व्हरचा पॉवर सप्लाय उडाला. पूर्वी एक डबा मेला की अकरा चालायचे. इथे एक मेला आणि बाराही पडदे काळे. तालुक्याच्या दुकानदाराने झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, यात विंडोज टाकून देतो, बाकी मला कळत नाही. चौघांपैकी दोघे परदेशी गेलेले, एकाचा फोन लागेना. चौथा पोरगा गुणी, तासभर फोनवर मला काळ्या पडद्यावर एकेक अक्षर टाइप करायला लावत होता. मी इतिहास-भूगोल शिकवतो. यू-डायसची माहिती मी भरतो, पोषण आहाराच्या नोंदी मी ठेवतो, मतदार याद्यांचं कामही माझ्याकडेच.

लॅबला कुलूप लागलं. तपासणीच्या वेळी ‘लॅब बंद का’ हा शेरा मिळाला तो माझ्या नावावर. त्यामुळे कुणी ‘मनावर घेतलं तर’ म्हणालं की माझं डोकं फिरतं.

नेटबूट:
सर, त्या चार तरुणांपैकी मी नाही, पण तसाच एक आहे. तुमचा अनुभव खरा, त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही.

तुमच्याकडे बसवला तो जुना प्रकार. एलटीएसपी (लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट) हा प्रकल्प १९९९चा. त्यात सगळे प्रोग्राम सर्व्हरवर चालायचे आणि मुलासमोर फक्त चित्र यायचं. तेव्हा ते योग्य होतं. आज एका मुलाने फायरफॉक्स उघडून व्हिडिओ लावला की गणित बघा: १०२४ बाय ७६८चा पडदा, दर ठिपक्याला तीन बाइट, सेकंदाला पंचवीस चित्रं, म्हणजे सेकंदाला जवळपास ५९ मेगाबाइट. शंभर मेगाबिटची तार साडेबाराच नेते. वीस मुलं राहू द्या, एकातच जाळं बसतं.

म्हणून २०१९ मध्ये एलटीएसपी नव्याने लिहिलं गेलं. आता डबा नेटवर्कवरून सुरू होतो (यालाच नेटबूट म्हणतात), सर्व्हरवरून लिनक्सची एक इमेज घेतो आणि प्रोग्राम स्वतःच्या रॅमवर चालवतो. सर्व्हर म्हणून साधा डेस्कटॉप पुरतो. इमेज म्हणजे एक फाइल. ती दुसऱ्या मशिनवर उतरवून ठेवली की पहिलं जळलं तरी अर्ध्या तासात लॅब परत चालू. प्रत्येक डब्यात निदान दोन जीबी रॅम लागते, हेही सांगतो. ५१२ एमबीची मशिनं भंगारातच द्या, उगाच कुणाला आशा लावू नका.

खडूफळा:
अर्ध्या तासात कुणी करायचं? मी?

माजी_आयसीटी:
सरांनी दुखऱ्या नसेवर बोट ठेवलं. मी पाच वर्षं माध्यमिक शाळेत आयसीटी, म्हणजे संगणक शिक्षक होतो. बूट मॉडेल, म्हणजे कंपनीने लॅब उभारायची, चालवायची आणि करार संपला की शाळेला द्यायची, हे ज्यांनी भोगलंय त्यांना पुढचं सांगायला नको. मानधन कंपनीकडून, तेही चार-चार महिने उशिरा. करार संपला तेव्हा हस्तांतराची यादी झाली. संगणक दहा, यूपीएस, प्रिंटर एक, जनरेटर एक, खुर्च्या. सगळं शाळेच्या नावावर झालं. त्या लॅबमध्ये पाच वर्षं रोज झाडूसुद्धा मीच मारला होता, पण यादीत माणसाचा रकाना नव्हता. दुसऱ्या दिवशी मी घरी. सहा महिन्यांनी गेलो तर जनरेटरवर पोत्यांची थप्पी आणि सीपीयूत उंदरांनी संसार मांडलेला. त्या लॅबमध्ये विंडोजच होतं. लिनक्स असतं तरी उंदीर आलेच असते. मी आझाद मैदानावर बसलो होतो तेव्हा कुणी विचारलं नाही की ऑपरेटिंग सिस्टिम कुठली.

नेटबूट:
तुमच्यावर अन्याय झाला हे मान्यच. पण दहा लायसन्सच्या पैशात एका माणसाचे काही महिन्यांचे मानधन निघतं, हा हिशेब तरी धरा. पैसे वाचतात ते माणसाला देण्यासाठीच वाचवायचे.

माजी_आयसीटी:
दिले का कुणी? एक शाळा दाखवा.

दूरदेशी:
मी मूळचा साताऱ्याचा, बारा वर्षं कोचीत आहे. एक शाळा कशाला, आख्खं राज्य दाखवतो. केरळात आयटी@स्कूल २००१ मध्ये सुरू झालं, २०१७ मध्ये त्याचीच काइट ही सरकारी कंपनी झाली. शाळांत लिनक्स, पुस्तकं लिनक्सवरची, दहावीला आयसीटीची प्रात्यक्षिक परीक्षाही त्यावरच. २०१८ पासून ‘लिटल काइट्स’ नावाचे विद्यार्थ्यांचे गट आहेत. माझी मुलगी त्यात होती. शाळेतला प्रोजेक्टर बिघडला की आधी तीच पोरं बघायची.

मुद्दा असा की तिथे कुणी रविवारी येऊन लॅब लावून जात नाही. प्रत्येक हायस्कूलमध्ये एक शिक्षक आयटी समन्वयक असतो, त्याच्या डोक्यावर जिल्ह्यात मास्टर ट्रेनर. तोही आपल्यासारखाच गणित नाही तर समाजशास्त्र शिकवणारा. त्याला प्रशिक्षण दिलं आणि फोन उचलणारा माणूस दिला.

खडूफळा:
मग हे माझ्याच बाजूचं झालं.

नेटबूट:
आणि माझ्याही. फक्त एक दुरुस्ती करतो, कारण लोक केरळचं नाव घेऊन थिन क्लायंट खपवतात. केरळच्या लॅबमध्ये प्रामुख्याने पूर्ण डेस्कटॉप आणि लॅपटॉप आहेत. प्रत्येक मशिन आपल्या पायावर उभं. तिथल्या यशाचं श्रेय थिन क्लायंटला देऊ नका, मी त्यांचा पुरस्कर्ता असूनही सांगतो. शाळांसाठी नेटबूट बघायचं तर ग्रीसकडे बघा. एलटीएसपीचं नवं रूप तिथल्या शाळांच्या गरजेतून घडलं. बाईंच्या पडद्यावर सगळ्या मुलांचे पडदे दाखवणारा आणि एका क्लिकवर लॉक करणारा एपॉप्टिसही तिथलाच.

साठशब्द:
सगळे पुरुष मशिनवर बोलतायत, भाषेवर कुणीच नाही. मी तालुक्याच्या गावी बावीस वर्षं टायपिंगचे वर्ग घेते. शाळेतून लिनक्स शिकून आलेल्या दोन मुली माझ्याकडे आल्या होत्या. मराठी टाइप करता येईना. रेमिंग्टनवर, म्हणजे टाइपरायटरच्या कीबोर्डवर, बोट ठेवायचं कुठे ते माहीत नाही. असली लॅब काय कामाची?

नेटबूट:
बाई, लिनक्स बसवलं की मराठी त्यात पहिल्या दिवसापासून असते. इनस्क्रिप्ट हा सरकारमान्य कीबोर्ड आहे, १९९१ च्या भारतीय मानकातच तो दिलेला आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. सहावीचं पोर आठवड्यात शिकतं. रेमिंग्टन ही टाइपरायटरच्या खिळ्यांची सोय होती, ती आता सोडा.

साठशब्द:
‘आता सोडा’ म्हणायला तुमचं काय जातं? माझ्या मुली कोर्टात लागल्या, तहसीलमध्ये लागल्या, त्या रेमिंग्टनच्या बोटांवर लागल्या. विधवा मुलगी माझ्याकडे येते तेव्हा तिला मानक नको असतं, नोकरी हवी असते. पुण्यात बसून तालुक्याच्या पोरींच्या बोटांवर निर्णय देऊ नका.

नेटबूट:
मी पुण्यात बसलेलो नाही. सात वर्षांत एकतीस शाळांत स्वतःच्या पेट्रोलवर फिरलोय. त्या मुलींना इनस्क्रिप्ट येत होतं का, ते तरी विचारलंत? की रेमिंग्टन येत नाही म्हणजे काहीच येत नाही?

साठशब्द:
विचारलं नाही. ती चूक झाली. आवाज मात्र तुम्हीच आधी चढवलात.

दूरदेशी:
भांडणात पडायचं नव्हतं, पण हे सांगतोच. माझी मुलगी शाळेत मल्याळम इनस्क्रिप्टवर शिकली. देवनागरी तिला फारशी वाचता येत नव्हती. आजी वारली त्या वर्षी तिने कीबोर्ड मराठीवर टाकला आणि साताऱ्याला आजोबांना पत्र टाइप केलं. क जिथे मल्याळममध्ये, तिथेच मराठीत, म्हणून बोटं आपोआप पडली. आजोबांनी ते देवघरात ठेवलंय. रेमिंग्टनवर हे झालं नसतं.

खडूफळा:
मला वाटलं नव्हतं धागा इकडे जाईल, पण आलाच आहे तर माझंही ऐका. आमच्या शाळेतल्या पंधरा वर्षांच्या प्रश्नपत्रिका जुन्या फॉन्टमध्ये आहेत, युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षर-मानकात नाहीत. लिनक्सवर उघडल्या तर सगळं इंग्रजी अक्षरांचं भुसकट. मुख्याध्यापक म्हणाले, या संगणकाला मराठी येत नाही. त्या दिवशी लिनक्सची अब्रू गेली ती गेलीच.

नेटबूट:
तो दोष फॉन्टचा. विंडोजवरही तो फॉन्ट काढून टाका, तेच भुसकट दिसेल. तशा फॉन्टमध्ये ‘क’ हा ‘क’ म्हणून साठवलेलाच नसतो, एखाद्या इंग्रजी अक्षराला क चा मुखवटा घातलेला असतो. फायली युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात. रूपांतरानंतर ‘ऱ्य’ मात्र एकेक तपासा, हमखास तिथेच फुटतं.

साठशब्द:
‘ऱ्य’चं नाव काढलंत म्हणून बोलते. दऱ्या, सुऱ्या, कोऱ्या. इनस्क्रिप्टमध्ये हा अर्धा र कसा काढायचा, हे शाळेत शिकून आलेल्या एकाही मुलाला माहीत नसतं. ‘दर्या’ लिहून मोकळे होतात. दऱ्या आणि दर्या यांत डोंगर-समुद्राएवढं अंतर आहे.

नेटबूट:
शिफ्ट-जे, मग डी, मग य. शिफ्ट-जे म्हणजे नुक्त्याचा ऱ, डी म्हणजे हलन्त, अक्षराचा पाय मोडणारी खूण. एवढंच काम.

साठशब्द:
हे तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. तुमच्या लॅबमधल्या एका तरी मास्तरला शिकवलंत?

आणि दुसरं. काहीजण साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडक घालून तसंच रूप काढतात. पडद्यावर दोन्ही सारखं. शोध घेतला की एक सापडतं, दुसरं नाही. एका सोसायटीच्या सभासद यादीत मी एक अख्खा दिवस ‘मोऱ्ये’ शोधण्यात घालवलाय.

नेटबूट:
नाही शिकवलं. लॅब लावली, टक्सपेंट दाखवलं, गणिताचं जिओजेब्रा दाखवलं आणि निघालो. मराठी कीबोर्ड चालू करून ठेवला की झालं, असंच मी धरत आलो. एकतीस शाळांत तेच केलं. हे मला आधी कुणी सांगायला हवं होतं.

माजी_आयसीटी:
सांगायला तिथे माणूस असायला हवा ना. तेच तर पहिल्यापासून म्हणतोय.

नेटबूट:
हो, तुमचं बरोबर. पण माणूस येईपर्यंत मशिनं भंगारात द्यायची, हे मला मान्य नाही. ती एकदा लिलावात गेली की परत मिळत नाहीत, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

खडूफळा:
नेटबूट, तुमच्या अर्ध्या तासाच्या गोष्टीवर अजून विश्वास नाही. तरी त्या खोलीची चावी माझ्याकडेच आहे. काल संध्याकाळी जाऊन बघितलं. नऊ मशिनांत दोन जीबी रॅम आहे, तिघांत एक. स्विच सोळा पोर्टांचा, पण शंभर मेगाबिटचाच. अर्थिंग नाही, ते आधी करून घेतो, दानशूर पालक आहे एक.

माझ्या अटी. एकटे येऊ नका, तालुक्याच्या त्या दुकानदाराला मी बोलावतो, त्याच्यासमोर बसवा. सर्व्हर मुद्दाम बंद पाडा आणि दुसरं मशिन माझ्या हाताने सुरू करून घ्या. मला जमलं तर लॅब ठेवू, नाही जमलं तर त्याच दिवशी सामान गाडीत भरा. आणि तीन वर्षं फोन उचलायचा.

नेटबूट:
तीन वर्षांचा शब्द देत नाही, खोटा पडेल. एक वर्ष, लिहून देतो. स्विच गिगाबिटचा मी आणतो. एक जीबीची तीन मशिनं उघडून रॅमचा प्रकार सांगा, माझ्याकडे जुन्या पट्ट्या पडून आहेत.

खडूफळा:
एक वर्ष. मुख्याध्यापकांच्या नावे लिहा, माझ्या नको.

साठशब्द:
इनस्क्रिप्टचा भिंतीवर लावायचा तक्ता माझ्याकडे आहे, ‘ऱ्य’ लाल शाईने लिहिलेला. मी रेमिंग्टनचीच आहे, तरी पाठवते. शाळेचा पिनकोड सांगा.