एसीएल तुटलं की थेट टेबलावरच का?

कोपरारक्षक: काल इथे कबड्डीच्या गप्पांत एकाने ठोकून दिलं, "एसीएल (गुडघ्याच्या आतला, गुडघा स्थिर ठेवणारा अस्थिबंध) गेलं तर ऑपरेशनला पर्याय नाही, फिजिओ म्हणजे टाइमपास." डोकंच फिरलं. स्वीडनचा अभ्यास बघा, २०१० ला आला, १२१ तरुण होते, त्यातल्या ५९ जणांना आधी नुसता व्यायाम दिला, वाटलं तर नंतर ऑपरेशन. पाच वर्षांनी २९ जणांना चाकू लागलेलाच नव्हता! माझंही तुटलंय, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून मांडी आवळत बसायचो, घरचे हसायचे. आज डाव्या कोपऱ्यात उभा राहतो.

रेडरभाऊ: आणि उरलेल्या ३० जणांचं काय? शिवाय त्यात प्रोफेशनल खेळाडू घेतलेच नव्हते, ते बरं विसरलास. तू कोपऱ्यात उभा राहतोस, रेडर बोनसला पाय टाकतो, घोटा धरला जातो आणि अंग वळतं उलट दिशेला. माझ्या चुलतभावाने ऐकलं असल्याच लोकांचं, सरळ पळायला लागला म्हणून जत्रेच्या सामन्यात उतरला, गुडघा सटकला, मेनिस्कस (गुडघ्यातली गादी) पण फाटली. आता मांडी घालून जेवायला बसता येत नाही. कुस्तीवाल्या विनेश फोगटने ऑगस्ट २०२३ मध्ये एसीएलचं ऑपरेशन केलं आणि पुढच्या वर्षी ऑलिंपिकची फायनल गाठली, बोल.

फिजिओताई: विनेशच्या मागे टीम असते हो. आमच्याकडे पोरं टाके निघाले की गायब, आणि पाचव्या महिन्यात मॅटवर. नऊ महिन्यांच्या आत परतलं की पुन्हा तुटायचा धोका वाढतो, कितीदा सांगायचं? दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के तरी ताकद आली का, एका पायावर उडी जमते का, कोणी तपासत नाही. ऑपरेशन केलं म्हणजे व्यायाम सुटला असं समजू नका.

जुना_गडी: मुळात मॅट आणली तिथेच वाट लागली. बूट चिकटतो, पाय फिरत नाही. मातीत कुणाचं एसीएल गेलेलं ऐकलंय?

रेडरभाऊ: काका, तेव्हा एमआरआय कुठे होता? "लचकलं" म्हणून हळद लावायची आणि पुढच्या वर्षी पोरगा खेळ सोडून पंच व्हायचा.

जुना_गडी: मी पंचच आहे. आणि तोंड सांभाळून.

कोपरारक्षक: बरं रेडरभाऊ, गुडघा अडकून सरळच होत नसेल किंवा व्यायाम करूनही सटकत असेल तर ऑपरेशन, मान्य, पेढे वाटू का? पण एमआरआयचा रिपोर्ट हातात पडला की त्याच दिवशी तारीख घ्यायची, हे नाही पटत.

रेडरभाऊ: त्याच दिवशी कोण म्हणालं? सूज उतरू दे, पाय पूर्ण सरळ होऊ दे, मग. एवढं तर डॉक्टरही सांगतात.

फिजिओताई: म्हणजे तोवर फिजिओच ना, भाऊ?

जुना_गडी: मॅटचं कोणी बोलतच नाही. आमच्या तालुक्यात सांधे उचकटलेली मॅट भाड्याने आणतात, वर चिकटपट्टी लावून सामने खेळवतात, बक्षीस मात्र लाखाचं. आधी त्या संयोजकांना धरा.