थट्टा चालते, पण गाळागाळ?

नेता झाला म्हणजे चित्रपटात त्याच्यावर काहीही दाखवायची मुभा, हे म्हणणं मला अर्धंच पटतं. आम्हा गोंयकारांना (गोवेकरांना) पुढाऱ्यांची थट्टा नवी नाही. तियात्रात, म्हणजे आमच्या कोंकणी नाटकात, कांतार (गाणं) म्हणणारा मंत्र्यांची अशी सालटी काढतो की लोक शिट्ट्या मारून तेच कडवं परत म्हणायला लावतात. पण ती थट्टा आहे हे शेवटच्या रांगेलाही ठाऊक असतं.

चित्रपटवाले 'सत्य घटनेवर आधारित' अशी पाटी लावतात आणि सोयीचं तेवढंच दाखवतात, गोची तिथे आहे. उद्या गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांवर कुणी सिनेमा काढला तर? १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात भाऊंना हवं असलेलं गोव्याचं महाराष्ट्रातलं विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी भाऊंनाच परत मुख्यमंत्री केलं. यातलं एक गाळलं की भाऊ एकतर देव, नाहीतर खलनायक. (फोंड्याच्या माझ्या काकांना असा सिनेमा दाखवून बघाच. चहा गार होईस्तोवर ऐकवतील!)

बंदी मात्र नको. असे चित्रपट निवडणुकीच्या वेळी यावेत का म्हणाल, तर मोदींवरचा चित्रपट २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने मतदान संपेपर्यंत रोखला, निकालाच्या दुसऱ्या दिवशी, २४ मेला तो लागला. कुणाचं काय बिघडलं?