अँटी-ए आपोआप तयार होतं, मग अँटी-डी का नाही?

मंडळी, मदत हवी आहे. बी गटाच्या माणसाच्या रक्तात ए-विरोधी प्रतिपिंडं (अँटी-ए, म्हणजे ए गटाच्या लाल पेशींवर हल्ला करणारी अँटीबॉडी) असतात. ए गटाचं रक्त कधीच चढवलेलं नसलं तरी ती तान्हेपणीच, काही महिन्यांत बनू लागतात. आरएच निगेटिव्ह माणसात, म्हणजे ज्याच्या लाल पेशींवर डी हा घटक नसतो त्याच्यात, मात्र डी-विरोधी प्रतिपिंडं (अँटी-डी) पॉझिटिव्ह रक्ताशी संबंध आल्यावरच बनतात, म्हणजे रक्त चढवताना किंवा बाळंतपणात. असं का? लँडस्टायनर या शास्त्रज्ञाने १९०१ मध्ये रक्तगट शोधले, हे सगळीकडे मिळतं. कारण कुणी धड सांगत नाही. आतड्यातल्या जिवाणूंवर ए-बीसारख्याच साखरा असतात म्हणून शरीर आधीच सावध होतं, असं वाचलं. डी तर प्रथिन आहे. उत्तर एवढंच का? आणि ओ गटाच्या आईच्या रक्तातही अँटी-ए असतं, तरी तिच्या ए गटाच्या बाळाला सहसा फारसा त्रास का होत नाही? रक्तपेढीतलं कुणी असेल तर सोपं करून सांगा ना.