नगरसेविका ताईंनी 'प्राधान्यक्रम' पाठवलाय, यातलं त्यांच्या हातात नक्की किती असतं?

प्रभागातला_एक
मंडळी, जरा मदत हवीय. जानेवारीत आमच्या महापालिकेची इलेक्शन झाली, त्याआधी जवळजवळ चार वर्षं प्रशासकच होता त्यामुळे नगरसेवक नावाचा प्राणीच आम्ही विसरलो होतो. आता आमच्या प्रभागातून निवडून आलेल्या चौघांपैकी एका ताईंनी सगळ्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक पीडीएफ टाकलीय, 'माझे प्राधान्यक्रम आणि पहिला कार्यअहवाल'. डिझाईन एकदम झकास, पण वाचून झाल्यावर डोक्यात काहीच राहत नाही.

प्राधान्यक्रमात काय काय आहे तर पाणी दोन वेळ, भटकी कुत्री हटवणार, चौकातले फेरीवाले हलवणार, सिग्नल बसवणार, पावसाळी लाईन (पावसाचं पाणी वाहून नेणारी) मोठी करणार, उद्यानाचं आरक्षण असलेला प्लॉट ताब्यात घेणार, मालमत्ता कर वाढू देणार नाही, आणि कचरा आवारातच जिरवणाऱ्या सोसायट्यांना करात सवलत. अहवालात मात्र नुसते फोटो. बाकडी, पेव्हर ब्लॉक, चेंबरची झाकणं, आणि प्रत्येक झाकणाशेजारी पाच माणसं उभी.

रविवारी त्यांनी नागरिकांची बैठक ठेवलीय. मला उगाच भांडायचं नाहीये, ताई नव्या आहेत, बोलायला बऱ्या वाटतात. पण यातलं खरंच त्यांच्या हातात काय आहे आणि काय नुसतं छापायला छापलंय हे कळलं तर नीट प्रश्न विचारता येतील. (ताई स्वतः बोलणार की त्यांचे मिस्टर, तो वेगळाच विषय.)

जुनं_टेबल
मी एका महापालिकेच्या नगरसचिव खात्यातून रिटायर झालोय, सभांच्या विषयपत्रिका आणि इतिवृत्तं लिहिण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे नगरसेवक कायदा करत नाही. तो ठराव करतो. मुंबईला स्वतःचा १८८८चा कायदा आहे, बाकी सगळ्या महापालिका १९४९च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात, आणि दोन्हीकडे अंमलबजावणीचे अधिकार आयुक्तांकडे, म्हणजे राज्य सरकारने पाठवलेल्या अधिकाऱ्याकडे. उपविधी केले तरी त्याला सरकारची मंजुरी लागते. एवढंच नाही तर सभेने केलेला ठराव सरकारला पटला नाही तर कलम ४५१ खाली तो निलंबित होतो, विखंडित म्हणजे कायमचा रद्दही होतो. त्यामुळे कुणी 'मी करून दाखवणार' म्हटलं की मी मनात 'मी ठराव मांडणार' असं वाचतो.

मग हातात काय असतं? पैसा. आयुक्त बजेट स्थायी समितीला (मोजक्या नगरसेवकांची, पैशाचे विषय बघणारी समिती) सादर करतात, समिती त्यात फेरफार करून ते मुख्य सभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांपुढे ठेवते आणि तिथे मंजूर होतं. या प्रवासात कुठल्या प्रभागात कुठल्या कामाला किती रक्कम टाकायची यावर खरी मारामारी असते, फ्लेक्सवर काहीही असो. आणि करांचे दर सभेनेच ठरवायचे असतात, कायद्यात त्यासाठी २० फेब्रुवारी ही तारीख आहे. म्हणून तुमच्या ताईंच्या यादीत मला सगळ्यात खरं वाटलेलं कलम म्हणजे करवाढ होऊ देणार नाही. ते सभेच्या हातात आहे. फक्त विचारा की कर वाढवायचा नाही तर पावसाळी लाईनला पैसे कुठून. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, २०१७ला जीएसटी आल्यापासून महापालिका राज्याकडून दर महिन्याला येणाऱ्या अनुदानावर बसलीय, मालमत्ता कर आणि बांधकाम परवानगीचे पैसे एवढंच काय ते हक्काचं उत्पन्न. दोन्ही आश्वासनं एकाच पानावर आहेत ना, मग दोन्हींचा हिशोबही एकाच पानावर मागा.

बाकीचं पटापट सांगतो. कुत्री 'हटवता' येत नाहीत, पशु जन्म नियंत्रण नियम २०२३ प्रमाणे निर्बीजीकरण, लसीकरण करून जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं, शाळा, हॉस्पिटलं, बसस्टँड अशा जागांबाबत सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये वेगळा आदेश दिलाय तो एक अपवाद. फेरीवाल्यांचा विषय २०१४च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीकडे गेलाय, त्यात किमान ४० टक्के सदस्य फेरीवाल्यांचेच असतात, एकटा नगरसेवक फोन करून गाड्या उचलायला लावेल पण आठवड्यात त्या परत येतात. सिग्नलला ट्रॅफिक पोलिसांचा होकार हवा. पाण्याचा कोटा जलसंपदा खातं ठरवतं, पण आलेलं पाणी तुमच्या टाकीपर्यंत किती वेळ येतं, व्हॉल्व कोण फिरवतो, ही मात्र महापालिकेचीच गोष्ट आहे आणि तिथे नगरसेवकाने जोर लावला तर फरक पडतो.

एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा, 'ताई, या कामाचं बजेटमधलं लेखाशीर्ष कुठलं आणि ठराव क्रमांक काय?' लेखाशीर्ष म्हणजे त्या कामाच्या खर्चाचं बजेटमधलं खातं. उत्तर असेल तर काम आहे. नसेल तर पीडीएफ आहे.

बाकडं_क्रमांक_सात
आमच्याकडे एवढी बाकडी झालीत की बसायला माणसं कमी पडतात. सगळ्यांवर नाव. एकावर तर मागच्याच्या मागच्या टर्मवाल्या साहेबांचं नाव आहे, त्यावर नव्यांनी रंग मारला, पावसात रंग गेला आणि साहेब परत निवडून आले.

माहिती_मागणारी
वरच्या काकांनी उत्तम सांगितलंय, मी फक्त कागद कसे मिळवायचे ते सांगते कारण बैठकीत विचारलं की 'हो हो बघतो' एवढंच मिळतं.

आधी हे बघा की चारपैकी कोणी काय केलं. मुंबई सोडली तर बहुतेक ठिकाणी बहुसदस्यीय प्रभाग आहेत, अ ब क ड, आणि एकाच रस्त्याच्या डांबरीकरणाचे चार वेगवेगळे फ्लेक्स लागतात. त्यात आमदार निधीचं काम, खासदार निधीचं काम, महापालिकेचं नेहमीचं मेंटेनन्सचं काम हे सगळं 'यांच्या प्रयत्नातून' मध्ये बसतं. चेंबरचं झाकण बदलणं हे क्षेत्रीय कार्यालयाच्या जेईचं (कनिष्ठ अभियंत्याचं) रोजचं काम आहे हो, त्याचा कार्यअहवाल काय काढायचा.

तर, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ महापालिकेत फाईली बघता येतात, राज्य सरकारचा २०१८चा आदेश आहे, सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. अर्ज न करता नुसतं जाऊन फाईल मागायची. बघू दिलं नाही तर मग माहिती अधिकारात अर्ज, १० रुपये, ३० दिवस. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, त्यामुळे आठ विषयांचा निबंध लिहू नका, अर्ज परत येईल. कामाचं एस्टिमेट, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करायचं पत्र) आणि मोजमाप पुस्तकाच्या (प्रत्यक्ष किती काम झालं त्याची नोंद) प्रती, बस, एका कामाचं एवढंच मागा.

आणि वर्गीकरण हा शब्द लक्षात ठेवा! बजेटमध्ये पावसाळी लाईनला टाकलेले पैसे वर्षाच्या शेवटी स्थायी समितीत वर्गीकरणाचा ठराव करून दुसऱ्या कामाला वळवले जातात. मार्च जवळ आला की असे प्रस्ताव धडाधड येतात आणि लाईनचे पैसे कमानीला लागतात. लोक बजेट मंजूर झालं की खुश होऊन घरी जातात, वर्षाच्या शेवटी काय झालं ते कोण बघतं. विषयपत्रिका वेबसाईटवर टाकत असतील तर त्यावर लक्ष ठेवा, आणि नसतील टाकत तर ताईंना सांगा की दर सभेआधी ग्रुपवर टाका. फोटो नकोत, विषयपत्रिका टाका. याला खर्च शून्य आहे.

कार्यालयात_बसलेला
मी काही वर्षं एका नगरसेवकाचं ऑफिस सांभाळलंय म्हणून दुसरी बाजू मांडतो, नाहीतर इथे असं वाटेल की सगळे चोर आहेत.

झाकणाचं काम जेईचं हे खरं आहे. पण एका जेईकडे किती भाग असतो, त्याच्याकडे माणसं किती, गाडी कधी मिळते, हे बघितलंय का कुणी? लोक तक्रार ॲपवर टाकतात, तक्रार 'निकाली' दाखवून बंद होते आणि झाकण तसंच उघडं. मग आमच्याकडे फोन. रात्री अकराला फोन, सकाळी सहाला फोन, ड्रेनेज तुंबलं, कचऱ्याची गाडी आली नाही, झाड पडलं, दाखला हवाय, हॉस्पिटलात बेड मिळत नाहीये. साहेबांचा अर्ध्याहून जास्त दिवस यात जायचा आणि यातल्या एकाही गोष्टीला ठराव क्रमांक नसतो. काकांच्या हिशोबाने मग आम्ही दिवसभर पीडीएफच करत होतो म्हणायचं.

आणि मतदार मागतो काय ते पण सांगा की. बजेटवर बोलायला बैठक ठेवली तर दहा माणसं येत नाहीत, हळदीकुंकू ठेवलं तर मांडव पुरत नाही. बाकडी लोकच मागतात, लेटरहेडवर सही शिक्क्यानिशी मागतात.

फेरीवाल्यांचंही एवढं सरळ नाही. जे लोक गाड्या हलवा म्हणून निवेदन देतात तेच संध्याकाळी तिथून भाजी घेतात, आणि गाडीवाला पण प्रभागातला मतदार असतो.

जुनं_टेबल
कार्यालयात_बसलेला, तुमचं पटतंय, फोन उचलणारा नगरसेवक असणं ही छोटी गोष्ट नाही, प्रशासकाच्या काळात लोकांना ते चांगलंच कळलं. स्थायी समितीही आयुक्त आणि मुख्य सभाही आयुक्त, स्वतःच प्रस्ताव ठेवायचा आणि स्वतःच मंजूर करायचा, विचारणारं कुणी नाही. माझं म्हणणं एवढंच की पाठपुरावा करा, पण सभेत प्रश्नही विचारा. लेखी प्रश्न दिला की प्रशासनाला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते इतिवृत्तात कायम राहतं. जेईला शंभर फोन केले त्याची कुठेच नोंद नाही. मी असे नगरसेवक बघितलेत जे पाच वर्षांत एकदाही तोंड उघडून बोलले नाहीत, हजेरीच्या वहीत सही करायची आणि सभा तहकूब झाली की कॅन्टीनला.

प्रभागातला_एक
बापरे, एवढं मिळेल वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. एक राहिलं, ते उद्यानाचं आरक्षण. आमच्या मागे मोठा प्लॉट आहे, विकास आराखड्यात बरीच वर्षं गार्डन दाखवलंय, सध्या तिथे राडारोडा टाकतात. हल्ली मोजणीवाले येऊन गेले म्हणे. यात ताई काही करू शकतात का?

माहिती_मागणारी
हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि तुम्ही शेवटी विचारताय! झाकणं सोडा, याच्या मागे लागा.

नगररचना कायदा १९६६, कलम १२७. आराखडा लागू होऊन १० वर्षांत जागा घेतली नाही तर मालक महापालिकेला खरेदीची नोटीस देऊ शकतो, आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत भूसंपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण आपोआप उडतं. त्या काळात कुणी काही केलं नाही, फाईल टेबलावर पडून राहिली, की संपलं, गार्डनच्या जागी टॉवर. मुद्दाम पडून राहते की पैसे नाहीत म्हणून, हे बाहेरून कळत नाही.

तर रविवारी एवढंच विचारा की या प्लॉटवर १२७ची नोटीस आलीय का, आली असेल तर कुठल्या तारखेला, आणि भूसंपादनाचा प्रस्ताव सभेपुढे आलाय का. मालक टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायला तयार असेल तर महापालिकेला रोख पैसे पण द्यावे लागत नाहीत. हे नगरसेवकाच्या हातात आहे, सभेत प्रस्ताव आला की तो मंजूर होतो, पुढे ढकलला जातो की दप्तरी दाखल होतो, म्हणजे फाईल गुंडाळून ठेवली जाते, हे हेच लोक ठरवतात. चौघांनी मिळून सही केली तर अजून वजन.

आणि बैठकीच्या आधीच सोमवार येतोय. नगररचना विभागात जाऊन सर्व्हे नंबर सांगून फाईल बघून या, म्हणजे तारीख ताईंच्या आधी तुमच्याकडे असेल.

प्रभागातला_एक
सर्व्हे नंबर शोधतोय. सोसायटीतल्या एका आजोबांकडे जुना आराखड्याचा नकाशा आहे म्हणतात, आज संध्याकाळी जातो. फाईलमध्ये काय निघतं ते सोमवारी रात्री इथेच टाकतो.

बाकडं_क्रमांक_सात
गार्डन वाचलं तर बाकडी आमच्याकडून घेऊन जा, भरपूर आहेत.