अर्ध्या मिनिटासाठी पाय सोलून घ्यायचे? ट्रायथलॉनमध्ये मोजे हवेत की नकोत

शेवटचा_पोहणारा (धागाकर्ता)

गोव्याची हाफ आयर्नमॅन (पोहणं, सायकल आणि पळणं सलग करायची लांब ट्रायथलॉन) जवळ आली की आमच्या ग्रुपवर तोच सल्ला फिरायला लागतो: मोजे घालू नका, वेळ जातो. सल्ला देणारे बहुतेक जण ऑलिम्पिकची शर्यत पडद्यावर बघून आलेले असतात. माझं मत सरळ आहे. 1.9 किलोमीटर पोहून आणि 90 किलोमीटर सायकल मारून ज्याला पुढे 21.1 किलोमीटर पळायचंय, त्याने मोजे घालावेत. सायकलवर नसतील तर नसू देत, पळताना तरी हवेतच. स्प्रिंट म्हणजे छोट्या ट्रायथलॉनला 5 किलोमीटरच पळायचं असतं, तिथे काय वाटेल ते करा. तो वाद मला घालायचा नाही.

हिशोब बघा. ओल्या पायांवर मोजे चढवायला, धडपडत का होईना, अर्धं मिनिट धरू. ते 21 किलोमीटरवर पसरलं तर किलोमीटरमागे दीड सेकंदही होत नाही. उलट टाचेला फोड आला आणि शेवटच्या 10 किलोमीटरमध्ये किलोमीटरमागे 15 सेकंद जरी हळू झालात तरी अडीच मिनिटं गेली. शिवाय फोड आलेला माणूस 15 सेकंदांवर थांबत नसतो, तो थेट चालायलाच लागतो.

ज्यांना पटत नाही त्यांनी कारणासकट लिहा. "प्रो घालत नाहीत" हे कारण धरलं जाणार नाही.

टी_टू_सुसाट

असहमत, आणि जे कारण चालणार नाही म्हणता त्याच्यापासूनच सुरुवात करतो. प्रो घालत नाहीत ते हौस म्हणून नव्हे. पॅरिस ऑलिम्पिकला 2024 मध्ये सुवर्णवाला ॲलेक्स यी आणि रौप्यवाला हेडन वाइल्ड यांच्यात 6 सेकंदांचा फरक होता. लंडन ऑलिम्पिकला 2012 मध्ये निकोला स्पिरिग आणि लिसा नॉर्देन, दोघींची वेळ 1:59:48. सुवर्ण कोणाचं ते फोटो बघून ठरवावं लागलं. ट्रान्झिशनचं, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना कपडे-बूट बदलण्याचं, घड्याळ थांबत नाही, हे आपल्याकडे लोक विसरतात. पळण्यात एक मिनिट कमी करायला महिनोन्महिने इंटरव्हल मारतात आणि टी-टूमध्ये (सायकल ते पळणं या बदलात) खुर्ची शोधत फिरतात.

पण माझा खरा मुद्दा सेकंदांचा नाहीच. ओला मोजा हा मोजा नसण्यापेक्षा वाईट. पाय ओला, हात थरथरतायत, घाईत चढवलेल्या मोज्याला बोटांपाशी चुणी राहणार. ती चुणीच पुढे फोड आणते, आणि आपण म्हणतो बूट चावला. त्यापेक्षा आतून शिवण नसलेला, पाणी निघून जायला भोकं असलेला ट्रायथलॉनचा बूट घ्या, टाचेला आणि बोटांना व्हॅसलिन लावा, इलॅस्टिकच्या लेस ओवा आणि सरावात आठवड्यातून एकदा तरी बिनमोज्याचे पळा. कातडी सवयीने टणक होते. न घालण्याचीही तयारी करावी लागते. ती न करता शर्यतीच्या दिवशी प्रयोग केला की दोष पद्धतीला.

रंकाळा_एक्सप्रेस

सुसाट भाऊ, यी साहेब 10 किलोमीटर अर्ध्या तासात उरकतंय. त्याच्या कातडीला सोलायला वेळ तर मिळाय पायजे का नको? आपल्यातली निम्मी जनता 21 किलोमीटरला अडीच-तीन तास घेती. तेवढा वेळ बूट घासत असतोय. सहा सेकंदाचं सुवर्ण राहू दे, मला साडेआठ तासाच्या मुदतीच्या आत फिनिशला पोचायचंय.

आणि राजाराम तलावात पोहून आल्यावर मी मोजे घालतो. घालणार. बायको म्हणती मोजे घालून जेवढा वेळ लावतोस तेवढ्यात चहा झाला असता. होऊ दे.

पायाची_डॉक्टर

दोन्ही बाजूंनी "घासतं म्हणून फोड येतो" असं गृहीत धरलंय, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

वरवर घासून साल निघते, ते खरचटणं. फोड वेगळा. पाऊल टाकताना आतलं हाड पुढे-मागे सरकतं, पण वरची कातडी बुटाला चिकटून तिथेच राहते. ही ओढाताण कातडीच्या थरांमध्ये होते. हजारो पावलांनंतर बाह्यत्वचेच्या आतला एक थर फाटतो आणि त्या पोकळीत पाणी भरतं. म्हणजे प्रश्न असा की कातडी कशाला चिकटतेय आणि किती घट्ट. कोरडी कातडी कमी चिकटते. दमट कातडी सगळ्यात जास्त चिकटते. आणि गोव्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या कुठल्या प्रकारची कातडी मिळतच नाही.

मोज्याचं काम गादीचं नाही. पाय आणि बूट यांच्यामध्ये घसरायला आणखी एक जागा करून देणं हे त्याचं काम. ओढाताण कातडीच्या आत होण्याऐवजी मोजा आणि बूट यांच्यामध्ये जिरते. दोन पदरी मोजे त्यासाठीच असतात. हे सुती मोज्याला जमत नाही, कारण तो पाणी धरून ठेवतो, लोंबतो आणि पायाला चिकटतो. त्यामुळे सुसाट यांचं "ओला मोजा वाईट" हे सुती मोज्यापुरतं शंभर टक्के खरं. पातळ सिंथेटिक मोजा ओला झाला तरी हे काम बऱ्यापैकी करत राहतो.

काही जण पायाला पावडर लावतात, तिच्याबद्दल: कोरड्या पायावर ठीक. ओल्या पायावर तिचा लगदा होतो आणि तो बोटांच्या बेचक्यात गोळा होतो. व्हॅसलिनने सुरुवातीला घर्षण नक्की कमी होतं, पण ते तीन तास टिकेल या भरवशावर राहू नका.

आणि घट्टे पडले म्हणजे फोड येणार नाही असं नाही. जाड घट्ट्याच्या खालीही फोड येतो. तो दुखतो जास्त आणि बाहेरून दिसत नाही.

टी_टू_सुसाट

डॉक्टरबाई, जाड घट्ट्यांबद्दल मी बोललोच नव्हतो, सवयीबद्दल बोललो. बाकी मान्य. पण मग सांगा, एड स्टेशनवर (वाटेतल्या पाणी-खाण्याच्या थांब्यावर) डोक्यावर ओतलेलं पाणी कुठे जातं? पोटऱ्यांवरून थेट मोज्यात. प्रत्येक एड स्टेशनला एक ग्लास डोक्यावर घेतला तर पाचव्या-सहाव्या किलोमीटरलाच तुमचा तो सिंथेटिक मोजा पिळायच्या लायकीचा होतो. माझ्या भोकाच्या बुटातून पाणी निघून जातं.

पायाची_डॉक्टर

पुढे वाकून ओता. पाणी मानेवरून आणि कपाळावरून खाली रस्त्यावर पडतं. गंमत नाही, खरंच फरक पडतो. स्पंज मिळाला तर त्याहून बरं.

मांडवीच्या_मुखाशी

इतका वेळ मोजे, बूट, व्हॅसलिन सगळं झालं, वाळूचं नाव कोणी काढलं नाही. 2019 ला गोव्यात मिरामार किनाऱ्यावर ही शर्यत पहिल्यांदा झाली तेव्हापासून मी कधी भाग घेऊन, कधी टाळ्या वाजवायला उभा राहून बघतोय. आमची वाळू बारीक. समुद्रातून बाहेर पडून ट्रान्झिशनपर्यंत पळत गेलात की तळपायाला, घोट्याला, बोटांच्या मध्ये तिचा लेप बसलेला असतो. त्यावर घाईत मोजा चढवला की वाळू आत कोंडली. पुढचे 90 किलोमीटर ती तिथेच. आणि वाळू न झटकता सायकलचा बूट उघड्या पायाने घातला तरी तेच. मोजा घातला काय, नाही घातला काय, पाय आधी धुतला का हा पहिला प्रश्न.

खारं पाणी आणखी वेगळं. ते सायकलवर वाऱ्याने वाळतं आणि कातडीवर मिठाचे कण उरतात. नंतर घाम आला की तेच कण चोळले जातात.

माझी पद्धत सांगतो, कोणी आदर्श मानू नये. सायकलजवळ एका बाटलीत गोडं पाणी आणि जुना टॉवेल. तळपायावर पाणी, टॉवेलवर दोनदा पाय आपटायचे, बेचक्यांतून एकदा बोट फिरवायचं. मग मोजे. यात मिनिटभर जातं हे कबूल. पण आपल्याकडे समुद्र इतका कोमट की वेटसूट (गार पाण्यात घालायचा घट्ट रबरी पोशाख) नसतोच, त्यामुळे तो सोलून काढण्यात युरोपवाल्यांचा जेवढा वेळ जातो तेवढा आपण पायांना द्यायला हरकत नाही.

एल्बेकाठी

युरोपवाला हजर आहे. हॅम्बुर्गहून लिहितोय.

इथे उलटी परिस्थिती. आल्स्टर तलावात पोहायचं, वेटसूट असतो, बाहेर पडल्यावर बालिनडाम रस्त्यावरचं ट्रान्झिशन लांबच लांब, पण वाळूचा कण नाही. आणि गार दिवशी बोटं अशी बधिर झालेली असतात की मोज्याचं तोंड उघडत नाही. टी-वनमध्ये (पोहणं ते सायकल या बदलात) मोजे घालायचा हट्ट करणारे लोक एका पायावर नाचताना मी बघतो आणि पुढे निघतो. सायकलवर पाय बुटात फारसा हलत नाही, टाचेपेक्षा चवड्यावर दाब असतो. तिथे मोज्याचा उपयोग थंडीसाठी, फोडासाठी नाही. त्यामुळे माझं मत: टी-वनमध्ये मोजे नकोच, बूट पेडललाच अडकवून ठेवा. टी-टूमध्ये हाफ किंवा फुल असेल तर घाला. तोवर वाऱ्याने पायही वाळलेले असतात.

मांडवीच्या_मुखाशी

एल्बेकाठी, तुमच्याकडे वाळत असतील. इथल्या दमट हवेत 90 किलोमीटरनंतर बूट काढला की आतून वाफ येते. बूट पेडलला अडकवून चालत्या सायकलवर उडी मारण्याबद्दल तर विनंती करतो: पहिल्यांदा करत असाल तर रिकाम्या मैदानात करा. माउंट लाइनपाशी (जिथून पुढे सायकलवर चढायची परवानगी असते) एकमेकांवर पडलेले लोक मी पाहिलेत. मोज्यांत वाचवलेले सगळे सेकंद तिथे परत जातात, वर कोपर सोलतं ते वेगळंच.

अनवाणी_पुणेकर

तुम्ही सगळेच बुटांच्या दुनियेचे गुलाम. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने 1960 ला रोम ऑलिम्पिकमध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली, 2:15:16 मध्ये. मोजे सोडा, बूटही नव्हते.

रंकाळा_एक्सप्रेस

आणि 1964 ला टोकियोत त्याच बिकिलानं बूट-मोजे घालून 2:12:11 काढली की. ते न्हाई सांगत कोण.

शेवटचा_पोहणारा

रंकाळा, दंडवत.

पुणेकर, अनवाणी पळणं हा वेगळाच विषय आहे. बूटच नसेल तर बुटाशी घासणार काय? इथे वाद बुटातल्या उघड्या पायाचा आहे. डांबर तापलेलं असताना दोना पावलाच्या रस्त्यावर अनवाणी पळून दाखवा, धागा तुमच्या नावे करतो.

पन्नाशीनंतर_पाण्यात

इथे तरुण मंडळी जास्त दिसतात म्हणून लिहिते. मला मधुमेह आहे, साखर आटोक्यात आहे, डॉक्टरांची परवानगी घेऊनच ऑलिम्पिक अंतराच्या शर्यती करते. 1.5 किलोमीटर पोहणं, 40 सायकल, 10 पळणं. माझ्यासाठी हा वेळेचा वाद नाही. मधुमेहात पायाची संवेदना हळूहळू कमी होऊ शकते. फोड आला तर तो कळायलाच उशीर, आणि भरून यायला त्याहून उशीर. टी_टू_सुसाट म्हणतात तशी सवय करत बसणं माझ्यासारखीला परवडत नाही. मी टी-वनलाच मोजे घालते, तेही पांढरे, म्हणजे रक्त आलं तर दिसतं. क्लबमध्ये एकदा कोणीतरी म्हणालं, "काकू, मोज्यांमुळे पोडियम जाईल." पोडियमवर मी एकदा उभी राहिले आहे, मोज्यांसकट. वयोगटात दोघीच होतो ते जाऊ द्या.

पायाची_डॉक्टर

ताई, पांढऱ्या मोज्यांसाठी विशेष धन्यवाद. मधुमेह असणाऱ्यांनी शर्यतीनंतर दोन्ही तळपाय उजेडात नीट बघावेत, बोटांच्या मधली जागासुद्धा.

अवांतर: पावसाळ्यात सराव करणाऱ्या सगळ्यांनीच बघावेत. ओल्या बुटात रोज बिनमोज्याचे पाय घालून चिखल्या झालेले तरुण दवाखान्यात येतात आणि आधी सांगत नाहीत की बूट कधी वाळवलाच नाही.

टी_टू_सुसाट

ताईंच्या बाबतीत वाद नाही, त्यांनी घालायलाच हवेत. पण अपवादावरून नियम होत नाही. निरोगी पायाच्या, चार-सहा महिने तयारी करणाऱ्या माणसाला "घालाच" म्हणणं मला अजून पटलेलं नाही. ऑलिम्पिक अंतरापर्यंत मी बिनमोज्याचाच पळणार. हाफला... टी-टूमध्ये बुटात गुंडाळी करून ठेवलेले मोजे असतात माझे. घालायचे की नाही ते सायकलवरून उतरताना ठरवतो.

शेवटचा_पोहणारा

म्हणजे मोजे पिशवीत असतात!

टी_टू_सुसाट

छत्रीही असते गाडीत. रोज उघडतो का?

झेंडेवाला

मी शर्यतींत अधिकारी म्हणून उभा असतो, तर वादात न पडता एक सूचना. गुडघ्यापर्यंतचे कॉम्प्रेशन मोजे किंवा पोटरीचे स्लीव्ह घालून पाण्यात उतरू नका. वेटसूटला परवानगी नसलेल्या पोहण्यात गुडघ्याखाली पाय झाकायला मनाई असते, आणि गोव्यासारख्या कोमट पाण्यात वेटसूटला परवानगी मिळत नाही. म्हणजे टी-वनचा वेळ वाचवायला ते आधीच घालून येणाऱ्यांना काठावरच काढावे लागतात. ते ओल्या पोटरीवरून उतरत नाहीत, मग आमच्यावर चिडतात.

रंकाळा_एक्सप्रेस

झेंडेवाले, साधे घोट्यापर्यंतचे चालतात का पोहताना?

झेंडेवाला

नाही. पाऊल गुडघ्याच्या खालीच येतं.

अनवाणी_पुणेकर

एक शंका. मोज्याची शिवण बोटांना टोचते म्हणून काही जण मोजे उलटे करून घालतात. त्यावर कोणाचा अनुभव?

शेवटचा_पोहणारा

अनवाणी पळणाऱ्याला शिवणीची काळजी कधीपासून? नवा धागा काढा.